इथं काय घडलं, आणि ते कशावरून?

आमच्या मावळातल्या गावाच्या फाट्यावर पिंपळाखाली एक वीरगळ होता, म्हणजे झुंजताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. कमरेइतका उंच, काळ्या दगडाचा, तेला-शेंदराच्या थरांनी गुळगुळीत झालेला. खालच्या कप्प्यात आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या मागं गायींची रांग. त्याच्या वरच्या कप्प्यात ढाल-तलवार घेऊन झुंजणारा तोच माणूस. त्याच्या वर त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाकडे निघालेल्या अप्सरा, आणि सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य. अक्षर एकही नाही.

रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा जेसीबीच्या बकेटनं तो उचलला आणि बाजूच्या मोरीच्या भरावावर टाकला. मी पोचलो तेव्हा वरचा कप्पा मातीत रुतलेला होता आणि गायींची रांग आभाळाकडे तोंड करून पडली होती. एका गाईच्या पाठीवर बकेटच्या दाताचा पांढरा ओरखडा. मुकादमाला विचारलं तर त्यानं हातातला कागद पुढं केला. त्या कागदावर पिंपळ होता, त्याच्या बुंध्यावर रंगानं नंबरही पडलेला होता. विजेचे दोन खांब होते, पाण्याची लाईन होती, एक बसथांबा होता. दगड नव्हता. "आमच्या यादीत नाही साहेब," तो म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

संध्याकाळी गावातली एक म्हातारी तेलाची वाटी घेऊन तिथं आली. दर अमावास्येला येते. दगड आडवा पडलाय म्हणून तिचं काही अडलं नाही, तिनं वाकून तेल लावलं. मी विचारलं, "आजी, हा कोण?" ती म्हणाली, "वीर हाय आमचा. गाया वळवून आणाया गेला अन् तितंच पडला." तिला वीरगळ हा शब्द ठाऊक नाही. कप्पे खालून वर वाचायचे असतात हेही कुणी तिला शिकवलेलं नाही. पण तिची गोष्ट आणि दगडावरचं चित्र तंतोतंत जुळतं. ती गोष्ट खरोखर शेकडो वर्षं तोंडोतोंडी आली, की मधल्या कुण्या पिढीनं दगड बघून रचली, हे मला सांगता येणार नाही. तिला मात्र तो कोण ते ठाऊक आहे, आणि सरकारी कागदाला तो तिथं आहे हेसुद्धा ठाऊक नाही. हा लेख मी त्या अंतराबद्दल लिहितोय.

रस्त्याकडेच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते पुतळे, कमानी आणि नामकरणांचं. माझं म्हणणं त्याहून साधं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. जिथं काही घडलं तिथं एक लहानसा फलक असावा, आणि त्या फलकानं दोन गोष्टी सांगाव्यात: इथं काय घडलं, आणि ते आपल्याला कशावरून कळलं. यातली दुसरी गोष्ट आपण कधीच लिहीत नाही. आपल्या फलकांचे बहुतेक सगळे आजार मला तिथूनच सुरू होताना दिसतात.

मी ज्या रस्त्यावर आयुष्यभर ये-जा केली, तो जुना मुंबई-पुणे रस्ताच उदाहरणाला घेतो. खोपोली सोडून घाट चढायला लागलं की शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ड्रायव्हर गाडी हळू करतात, खिडकीतून नाणं टाकतात, हात जोडतात. लहानपणी एसटीत बसल्यावर आई माझ्या मुठीत नाणं आधीच देऊन ठेवायची. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: इंग्रजांना घाटातून रेल्वे न्यायला वाट सापडेना, शिंग्रोबा नावाच्या धनगरानं आपली जनावरांची वाट दाखवली, बक्षीस काय पाहिजे म्हटल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि इंग्रजांनी त्याला गोळी घातली.

ही परंपरा आहे. तिचा मान ठेवूनच म्हणतो, तिला परंपराच म्हणावं. कारण त्याच घाटात जे घडलं त्याचे कागदही भरपूर आहेत. १८३०मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात इथं गाडीरस्ता झाला. मग १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेचा घाट झाला, २५ बोगदे फोडून. १८६१च्या सुरुवातीला या एका कामावर ४२ हजारांहून जास्त माणसं होती.  कॉलरा, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी त्यातली हजारो माणसं मेली. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून त्यांनी दंगा केला. पहिल्या ठेकेदारानं काम सोडलं, दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथं आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानं मेला आणि त्याची बायको अॅलिस हिनं ठेका पुढं चालवून घाट पुरा केला. ठेकेदारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांचे करार जपून ठेवले गेले. मजुरांची यादी कुणी ठेवली नाही.

मला वाटतं, शिंग्रोबाला टाकलेलं नाणं त्या सगळ्यांना पोचतं. हजारो माणसं नाव न ठेवता जातात तेव्हा लोक एका नावात ती सगळी ठेवतात. पण त्या देवळाशेजारी चार ओळींचा फलक लागला तर काय बिघडेल? घाटातल्या धनगराची ही गोष्ट लोकपरंपरेतली आहे, आणि याच घाटात रेल्वे बांधताना हजारो मजूर दगावले याची कागदोपत्री नोंद आहे, एवढंच त्यावर असावं. त्यानं शिंग्रोबा लहान होत नाही. उलट नाणं टाकणाऱ्याला आपण कुणाकुणाला हात जोडतोय ते कळेल. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलोय, मजुरांसाठी लावलेला एकही फलक मला दिसलेला नाही.

याच घाटातला एक पूल २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून पाडला. वाहतुकीची अडचण खरी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पुलाला सगळा महाराष्ट्र 'अमृतांजन पूल' म्हणायचा, कारण एकेकाळी तिथं त्या बामची जाहिरात असायची. इंग्रजी अमदानीतला जुना दगडी पूल, आणि त्याला नाव चिकटलं ते डोकेदुखीच्या औषधाच्या पाटीचं. जिथं आपण काही लिहीत नाही, तिथं दुसरं कुणीतरी लिहितं.

पुढं कार्ल्याला या. डोंगरात वर जी लेणी आहेत, त्यांतल्या लेखांकडे मी नेहमी फलक म्हणूनच बघतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे फलक. ब्राह्मी अक्षरं, प्राकृत भाषा, आणि मजकूर किती नेमका! वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. एक दार धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणाऱ्याचं दान. दर्शनी दाराचं काम सामि नावाच्या सुतारानं केलं, तेही बापाच्या नावासकट लिहिलेलं. सुताराचं नाव! काम कुणाचं, गाव कोणतं, धंदा कोणता, दान कशाचं, हे सगळं एकेका ओळीत.

आता खाली रस्त्यावर उतरून कुठलीही कोनशिला वाचा. शुभहस्ते कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, अध्यक्षस्थानी कोण, विशेष निमंत्रित कोण. तीस-तीस नावं. पण तो पूल किंवा ते सभागृह बांधणाऱ्या गवंड्याचं नाव नाही, आणि पुष्कळदा ज्याच्या स्मरणार्थ हे बांधलं त्याच्याबद्दल एक वाक्यही नाही. सातवाहनांच्या काळात या डोंगरात सुताराला ओळ मिळत होती, ती पद्धत आपण घालवली.

संरक्षित स्मारकांजवळचा पुरातत्त्व खात्याचा निळा फलकही बघा. हे स्मारक १९५८च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, त्याची नासधूस केल्यास इतकी कैद, इतका दंड. २०१०च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी झाली. कायदा हवाच, त्याच्यावाचून आणखी पुष्कळ गेलं असतं. पण आपल्या गावातल्या पोराची इतिहासाशी पहिली ओळख शिक्षेच्या मजकुरानं व्हावी हे मला पटत नाही. शेजारी माहितीचा फलक असतो तिथंही लांबी-रुंदी, शैली, राजवट एवढंच बहुधा सापडतं. या दगडाचं आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांचं काय नातं, ते नसतं.

वडगाव मावळला मी जरा जास्त थांबतो, कारण तिथला इतिहास आपल्या विजयाचा आहे आणि विजयाच्या जागी फलक लिहिणं सगळ्यांत सोपं असतं. १७७९चा जानेवारी. राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रज फौज घाट चढून आली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. फौज तळेगावपर्यंत आली, पुढं जाण्याची हिंमत खचली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून रातोरात माघारी वळली आणि वडगावला मराठ्यांनी तिला चहूकडून कोंडलं. वडगावचा तह झाला. महादजी शिंद्यांचं स्मारक तिथं उभं आहे, ते असायलाच हवं.

पण त्या विजयाची किंमत कुणी मोजली? इंग्रजांना दाणा-वैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी त्यांच्या वाटेवरचा मुलूख स्वतःच उजाड केला, तळेगाव मोकळं करून पेटवलं. युद्धाच्या दृष्टीनं तो डाव अचूक होता, इंग्रजांचा दम त्यानंच तुटला. मात्र ऐन थंडीत गंजी जळाल्या त्या इथल्याच कुणबी घरांच्या. उन्हाळ्यात त्यांच्या बैलांनी काय खाल्लं असेल? माझ्या गावाचे पूर्वज त्यातच असणार. महादजींच्या शौर्याशेजारी त्यांची एक ओळ असावी असं मला मनापासून वाटतं. स्थानिक इतिहास म्हणजे दुसरं काय असतं? आणि तो तह पुढं इंग्रजांनी पाळला नाही, हेही लिहावं. खरं ते पुरं सांगितलं म्हणून विजय पुसला जात नाही.

आणि तो स्टुअर्ट! शत्रूचा अधिकारी, पण त्याची धडाडी बघून मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' केलं. वडगावात त्याचं थडगं दाखवतात. आपल्याविरुद्ध लढून मेलेल्या माणसाला मराठी नाव देऊन ठेवणाऱ्या या मातीबद्दल मला अभिमान वाटतो, आणि शाळेच्या सहलीतल्या मुलांना ही गोष्ट त्याच जागेवर उभं करून कुणीतरी सांगावी असं वाटतं.

थोडं अलीकडे, बऊरजवळ, ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तिघं गेले, त्यांत एक बाई. मावळात हा दिवस कुणी विसरलेलं नाही. पण त्या मार्गावरून वेगात जाणाऱ्याला इथं काही घडलं होतं याचा पत्ता लागत नाही. १७७९ इतिहास आणि २०११ राजकारण, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. दोन्ही एकाच रस्त्यावरचं आहे, दोन्हींत इथल्याच शेतकऱ्यानं सोसलं आहे.

आता यावरचे आक्षेप मी ऐकलेले आहेत, आणि त्यातला एक खरोखर गंभीर आहे: फलक लावले की वाद पेटतात. याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. २०१७च्या डिसेंबरअखेर वढू बुद्रुकला, संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केल्याचं परंपरा सांगते त्या गोविंद गोपाळ यांच्याबद्दलचा एक फलक लागला, तो काढला गेला, गावात तणाव झाला. त्यानंतर चारच दिवसांत, १ जानेवारी २०१८ला, कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला आणि एकाचा जीव गेला. या घटनांचा एकमेकींशी नेमका संबंध काय, हे आयोगाचं आणि न्यायालयांचं काम आहे, त्यात मी पडत नाही. पण म्हणून फलकच नकोत, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन: फलक नसलेल्या गावांत वाद नाहीत का? माणसांच्या मनात गोष्ट असतेच. ती उघड्यावर, आधारासकट लिहिलेली नसली की कुजबुजीत राहते, आणि कुजबुजीतली गोष्ट कुणालाही पेटवता येते.

म्हणूनच 'कशावरून' ही ओळ मला इतकी महत्त्वाची वाटते. बखरीत असेल तर बखरीचं नाव. शिलालेखात असेल तर कुठला, कुठे आहे. गावच्या सांगण्यात असेल तर 'गावात परंपरेनं असं सांगतात'. दोन समाजांत दोन परंपरा असतील तर दोन्ही, एकीखाली एक. एखाद्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण कागदात सापडत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, कारण कागद लिहिणं कुणाच्या हातात होतं ते आपल्याला माहीत आहे. पण तिला कागदाचं सोंग द्यायचीही गरज नाही. परंपरा ही परंपरा म्हणून ताठ मानेनं उभी राहू शकते. शेवटी फलक कुठल्या ग्रामसभेनं, कोणत्या तारखेला मंजूर केला तेही असावं. उद्या नवा पुरावा सापडला तर नव्या तारखेचा फलक लागेल. निनावी फलकाशी भांडायचं कुणी आणि कसं? तो फक्त उखडता येतो.

कोरेगावचा स्तंभच बघा. इंग्रजांनी तो १८१८च्या लढाईच्या आणि आपल्या फौजेच्या गौरवासाठी उभा केला. त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली, त्यांत नावाच्या शेवटी 'नाक' असलेले कितीतरी महार शिपाई. १ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. साम्राज्यानं लिहिलेल्या यादीत एका समाजाला आपले पूर्वज नावानिशी सापडले. ती नावं कोरलेली नसती तर? घाटातल्या ४२ हजारांसारखी तीही हवेत विरली असती. नाव लिहिण्यात किती ताकद असते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, तो मी फार वेळ घेत नाही. एका फलकाला लागतो त्याहून जास्त पैसा एका वाढदिवसाच्या फ्लेक्सांवर जातो.

तिसरा आक्षेप असा की हे करणार कोण, गावाला हे जमणार नाही. जमतं. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही करायला लावली. गावातली झाडं, पिकं, पाखरं, औषधी यांची नोंद गावानंच करायची. काही ठिकाणी ती वही कपाटात पडून आहे, पण जिथं म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन केली तिथं सुंदर झाली. तशीच एक वही दगडांची करता येईल. वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्रातून शिवी देणारा दगड), जुन्या विहिरी, मैलाचे दगड. फोटो, जागा, गाव काय सांगतं, आणि कुणी अभ्यासक वाचून गेला असेल तर त्यानं काय वाचलं. मग रस्त्याच्या सर्वेक्षणात ती वही जोडणं बंधनकारक करावं. पिंपळाला नंबर पडतो तसा दगडाला पडेल, खांब हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात येतो तसा दगड हलवण्याचाही येईल. मुकादमाच्या कागदात एक ओळ वाढवायची आहे, तेवढंच.

जपायचं ठरवलं की जपता येतं. मुंबईत इंग्रजांच्या काळातले मैलाचे दगड होते, फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजणारे, रोमन आकड्यांचे. फूटपाथ चढत गेले तसे ते गाडले गेले, काहींचा नुसता माथा वर दिसायचा. महापालिकेनं ते शोधून, उकरून, साफ करून उभे केले. आणि अलिबागजवळ अक्षीला शिलाहार राजा केशीदेवाचा शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असं त्याचं वाचन अभ्यासकांनी केलं, तेव्हा मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याची गणना झाली. हा दगड किती वर्षं रस्त्याकडेला ऊनपावसात उभा होता! आपल्या भाषेच्या पहिल्या अक्षरांपैकी काही अक्षरं, शेजारून गाड्यांचा धुरळा. अलीकडे त्याला नीट जागा मिळाली. एक हजार वर्षं टिकला तो दगडाच्या चिवटपणामुळे, पुढची हजार वर्षं तरी आपल्या लक्षामुळे टिकावा.

आमच्या फाट्यावरचा दगड चार जणांनी पहारी लावून भरावावरून काढला. सध्या तो शाळेच्या कुंपणाशी टेकवून ठेवला आहे, आणि म्हातारी आता तेलाची वाटी घेऊन तिथंवर चालत येते. पुढच्या ग्रामसभेसाठी मी मजकूर लिहून दिलाय. तो असा:

"हा वीरगळ आहे. गायी सोडवताना मेलेल्या माणसासाठी तो उभा केला, असं यावरच्या चित्रावरून कळतं. त्याचं नाव आणि काळ दगडावर लिहिलेला नाही. गावातल्या बाया त्याला 'आमचा वीर' म्हणतात आणि अमावास्येला तेल घालतात. हा दगड पूर्वी फाट्यावरच्या पिंपळाखाली होता. रस्ता रुंद करताना तो हलवला गेला."

जागा पिंपळाच्या पलीकडची मागितली आहे, रस्त्याच्या हद्दीच्या दगडापासून दहा फूट आत. तोंड पूर्वीसारखंच उगवतीला.